पत्ता माझाच, पैसे मात्र दिसत नाहीत: २४० डॉलर नक्की कुठे आहेत?

पेन्सिलटोक | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंतीचे धागे वाचून गुपचूप निघून जाते. तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच लिहितेय. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मी सांगलीत राहते, लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पोर्तुगालच्या एका छोट्या प्रकाशकाला सहा चित्रं करून दिली, २४० डॉलर ठरले होते. बँकेतून पाठवताना फार कापले जातात म्हणून ते म्हणाले, यूएसडीसी चालेल का? यूएसडीसी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, एवढंच मला कळलं. भाच्याने मोबाइलवर मेटामास्क नावाचं वॉलेट ॲप टाकून दिलं, बारा इंग्रजी शब्द वहीत लिहून घ्यायला लावले आणि दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. मी ॲपमधला शून्य-एक्सने सुरू होणारा तो लांबलचक पत्ता कॉपी करून पोर्तुगालला धाडला.

शुक्रवारी त्यांचा निरोप आला, पाठवले. माझ्याकडे शून्य. शनिवारीही शून्य. काल त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' आहे आणि पत्ता माझाच आहे, मी एकेक अक्षरावर बोट ठेवून ताडून पाहिलं. नवरा म्हणतो, कृष्णार्पणमस्तु म्हण आणि झोप.

पैसे आहेत की गेले? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वांगीभात | सोमवार, रात्री १०:५२

गेले. पुढच्या वेळी सरळ बँक, कापले तर कापले. (ह. घ्या.)

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:०५

ताई, घाबरू नका. दोनच गोष्टी सांगा. स्क्रीनशॉटवर नेटवर्कचं नाव काय आहे? आणि तुमच्या ॲपमध्ये वरच्या बाजूला कुठलं नेटवर्क निवडलेलं आहे?

पेन्सिलटोक | सोमवार, रात्री ११:११

त्यांच्याकडे 'पॉलिगॉन'. माझ्याकडे 'इथेरियम मेननेट'. हे वेगळं असतं का? मला वाटलं वॉलेट म्हणजे वॉलेट.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:३४

मग तुमचे पैसे सुखरूप आहेत, तुम्ही चुकीच्या दारात उभ्या आहात एवढंच.

आपल्याकडे प्रत्येक गावात शिवाजी चौक असतो ना? समजा प्रत्येक गावच्या शिवाजी चौकातलं १२ नंबरचं घर तुमचं आहे, आणि सगळ्या घरांना एकच किल्ली लागते. प्रकाशकाने मनीऑर्डर पाठवली साताऱ्याच्या घरी. तुम्ही सांगलीचं दार उघडून बघताय आणि म्हणताय, आलीच नाही. पत्ता तोच, किल्ली तीच, गाव वेगळं.

वॉलेटमध्ये पैसे नसतातच मुळी. पैसे म्हणजे त्या त्या नेटवर्कच्या वहीतली नोंद, 'या पत्त्याच्या नावावर इतके'. इथेरियमची वही वेगळी, पॉलिगॉनची वेगळी. तुमचं ॲप म्हणजे फक्त किल्ली ठेवायचा डबा आणि वही वाचायचा चष्मा.

आता असं करा. ॲपमध्ये नेटवर्कच्या नावावर टिचकी मारा, पॉलिगॉन निवडा. हल्लीच्या आवृत्त्यांत सगळी लोकप्रिय नेटवर्कं एकत्र दाखवायचीही सोय असते. तिथेही दिसलं नाही तर स्क्रीनशॉटमधला व्यवहाराचा क्रमांक, म्हणजे ट्रान्झॅक्शन हॅश, पॉलिगॉनस्कॅनच्या साइटवर टाका. कोणी पाठवले, कोणाला, कधी, कुठलं टोकन (म्हणजे नाणं), सगळं तिथे उघडं दिसतं. लॉगिन लागत नाही. ॲप काहीही म्हणो, खरं तिथलं.

पेन्सिलटोक | सोमवार, रात्री ११:४९

दिसले!! २४०.०० यूएसडीसी. नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवले.

रात्रपाळी, तुम्हाला भडंगाचा डबा लागू. आता हे रुपयांत कसे आणू ते उद्या विचारते, डोकं भणभणलंय.

खडीसाखर | मंगळवार, सकाळी ७:२०

धागा रात्रीत चांगलाच रंगला की. शिवाजी चौकाचं उदाहरण फक्कड, पण त्यात एक कलम जोडायला हवं, नाहीतर नवी माणसं फसतील: हे सगळ्या गावांना लागू नाही.

इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी स्मार्ट चेन, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस, ॲव्हलांचची सी-चेन ही सगळी एका भावकीतली. इथेरियमची यंत्रणा, म्हणजे ईव्हीएम, त्यांनी उचलली, म्हणून पत्त्याची घडण एक: शून्य-एक्स आणि पुढे ४० चिन्हं. बिटकॉइन, सोलाना, ट्रॉन या भावकीत नाहीत. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, बिटकॉइनचा नवा पत्ता बीसी१ ने, आणि सोलानाच्या पत्त्याला असा काही ठरलेला उपसर्गच नाही.

गंमत अशी की त्याच बारा शब्दांतून या परक्या भावकीचे पत्तेही निघतात. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, तुमचे बारा त्यातलेच. त्या शब्दांपासून एक मूळ बी तयार होतं आणि प्रत्येक नाण्याला एक फाटा दिलेला असतो: बिटकॉइनला ०, इथेरियमला ६०, ट्रॉनला १९५, सोलानाला ५०१. बी एक, फांद्या वेगळ्या. म्हणून वहीतले ते शब्द एका नेटवर्कचे नाहीत, सगळ्या गावांतल्या सगळ्या घरांचे आहेत. ती वही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाऊ देऊ नका. (त्या यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. त्यामुळे पावसात वही भिजून शब्दाचं शेपूट पुसलं गेलं तरी चालतं. आमच्या घरी हे घडलेलं आहे.)

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८:०२

किल्ली एकच आहे तर पॉलिगॉनवर मी सही केलेला व्यवहार कोणी उचलून इथेरियमवर परत चालवला तर? तिकडचेही पैसे जाणार की!

खडीसाखर | मंगळवार, सकाळी ८:३१

शंकासुर नावाला जागलात. ही भीती एकेकाळी खरीच होती. २०१६ च्या जुलैत इथेरियम फुटून इथेरियम क्लासिक वेगळं झालं, तेव्हा एकीकडचा सही केलेला व्यवहार दुसरीकडेही चालायचा आणि लोकांची नाणी गेली. त्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तोडगा आला. सही करतानाच त्यात चेन आयडी मिसळायचा. इथेरियमचा १, बीएनबीचा ५६, पॉलिगॉनचा १३७, बेसचा ८४५३, आर्बिट्रमचा ४२१६१. १३७ घालून केलेली सही १ नंबरवाला मानतच नाही.

ॲपमध्ये हाताने नवं नेटवर्क जोडताना जो चेन आयडी मागतात तो हाच. तिथेच आरपीसी नावाचा एक दुवाही मागतात, म्हणजे ॲपने वही कोणाकडून वाचून घ्यायची ते. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेला दुवा तिथे टाकू नका. खोटा वाचणारा बसवला तर तो तुम्हाला खात्यात लाख डॉलर आहेत असंही वाचून दाखवेल.

पेन्सिलटोक | मंगळवार, दुपारी ३:१५

परत मीच. पैसे दिसतात पण हलत नाहीत. एक डॉलर भाच्याच्या पत्त्यावर पाठवून बघावा म्हटलं तर ॲप म्हणतं नेटवर्क फीसाठी पुरेसं पोल नाही. हे पोल काय आता? २४० डॉलर आहेत ना, त्यातून कापून घ्या म्हणावं!

वांगीभात | मंगळवार, दुपारी ३:२१

यालाच म्हणतात घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. :) तुमच्या बाबतीत उलटं, दाणे भरपूर, पण जात्याला खुंटा नाही.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:१०

ही दुसरी ठेच, सगळ्यांना लागते.

प्रत्येक नेटवर्कवर व्यवहाराला टोल लागतो, त्याला गॅस म्हणतात. आणि टोलनाक्यावर गावचंच नाणं चालतं. पॉलिगॉनवर पोल, बीएनबी चेनवर बीएनबी, सोलानावर सोल, ट्रॉनवर टीआरएक्स. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस यांच्यावर मात्र इथर, म्हणजे इथेरियमचंच नाणं, चालतं. पण ते त्या त्या नेटवर्कवर आलेलं इथर हवं. इथेरियमवर पडून असलेलं इथर बेसच्या नाक्यावर दाखवून उपयोग नाही. यूएसडीसी हे पाहुणं टोकन आहे, नाकेवाला ते घेत नाही. (काही ॲपं हल्ली टोकनमधूनच गॅस वळता करून देतात, पण सगळीकडे नाही. त्या भरवशावर राहू नका.)

पोलचं आधीचं नाव मॅटिक, सप्टेंबर २०२४ मध्ये बदललं. जुन्या व्हिडिओंत मॅटिक ऐकलंत तर गोंधळू नका.

टोल किती ते पण सांगतो. साधं नाणं पाठवायला २१,००० एकक गॅस लागतो, तो ठरलेला. समजा इथेरियमवर दर एककाला २० ग्वेई चालू आहे. एक ग्वेई म्हणजे इथरचा एक अब्जावा भाग. २१,००० गुणिले २० म्हणजे ४,२०,००० ग्वेई, म्हणजे ०.०००४२ इथर. यूएसडीसीसारखं टोकन पाठवायला याच्या दुप्पट-तिप्पट गॅस लागतो. गर्दी झाली की २० चे १०० ग्वेई व्हायला वेळ लागत नाही. पॉलिगॉनवर हाच व्यवहार एरवी पैशांत उरकतो, प्रकाशकाने ते निवडलं त्यामागे एवढंच कारण असणार.

वांगीभात | मंगळवार, दुपारी ४:१८

चिडवणं बाजूला. ताई, तुमचा पत्ता इथे टाका, मी एक पोल पाठवतो. किरकोळ रक्कम आहे, परत नको.

नव्वद_पैसे | मंगळवार, दुपारी ४:३०

वांगीभात, मन मोठं आहे तुमचं, पण ताई, पत्ता इथे टाकू नका. पत्त्यावरून कोणी पैसे काढू शकत नाही हे खरं. पण वही उघडी आहे. आज इथे पत्ता टाकला की सांगलीच्या चित्रकार बाईंकडे किती आले, कधी आले, कुठे गेले, हे या धाग्याचा कोणताही वाचक पुढची दहा वर्षं बघू शकेल. सगळ्या भावकीवर पत्ता एकच, म्हणजे सगळ्या गावांतला हिशेब एकदम उघडा.

प्रकाशकालाच सांगा, दोन पोल पाठव म्हणून. पत्ता त्याच्याकडे आहेच.

पेन्सिलटोक | मंगळवार, रात्री ९:०२

सांगितलं. दोन पोल आले, मिनिटभरसुद्धा लागलं नाही. वर त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. वांगीभात, तुम्हालाही भडंग.

नवा_सदस्य_७७ | मंगळवार, रात्री ९:४०

[हा प्रतिसाद संपादित केला आहे.]

संपादक | मंगळवार, रात्री ९:४६

वरच्या प्रतिसादात एका वॉलेटचे बाराच्या बारा शब्द लिहून 'यात यूएसडीटी आहेत, काढायला कोणी मदत करेल का' असं विचारलं होतं. (यूएसडीटी हेही यूएसडीसीसारखं डॉलरला बांधलेलं नाणं.) प्रतिसाद काढला, सदस्यत्व गोठवलं.

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:५८

अरेरे, बिचारा नवखा असेल. समजावून सांगायचं ना, गोठवलं कशाला?

खडीसाखर | मंगळवार, रात्री १०:२५

बिचारा नाही हो, गळ टाकून बसलेला आहे. आणि मासा म्हणजे आपण.

त्या शब्दांनी वॉलेट उघडलं की आत खरोखर यूएसडीटी दिसतात, बहुतेक वेळा ट्रॉनवर. लोभी माणूस म्हणतो, काढून घेऊ. पण टोलाला टीआरएक्स नाही! मग तो स्वतःच्या खिशातून टीआरएक्स टाकतो. टाकल्या टाकल्या एखादा बॉट ते उचलतो. नाहीतर त्या खात्याची परवानगी आधीच दुसऱ्या किल्लीकडे दिलेली असते, म्हणजे तुमच्याकडचे बारा शब्द सही करायला पुरतच नाहीत. यूएसडीटी तिथेच राहतात, पुढच्या माशासाठी. आत्ताच वर गॅसची चर्चा झाली म्हणून हा प्रकार इथे नीट कळेल. अख्खी फसवणूक गॅस वेगळ्या नाण्यात लागतो या एका गोष्टीवर उभी आहे.

पेन्सिलटोक | बुधवार, सकाळी ११:३०

आता शेवटचा टप्पा (असं वाटतंय). एका भारतीय एक्स्चेंजवर (म्हणजे ही नाणी रुपयांत विकता येतात त्या साइटवर) खातं काढलं, केवायसी झालं. तिथे यूएसडीसी जमा करा असं दाबलं तर नेटवर्कच्या यादीत इथेरियम आणि सोलाना एवढंच आहे, पॉलिगॉन नाही. पण इथेरियमवाला पत्ता शून्य-एक्सनेच सुरू होतो. भावकी एकच ना? मग पॉलिगॉनवरून त्याच पत्त्यावर पाठवले तर पोचतील. बरोबर ना?

नव्वद_पैसे | बुधवार, सकाळी ११:३३

थांबा!!!

नव्वद_पैसे | बुधवार, सकाळी ११:५५

आधी ओरडून घेतलं, आता बसून लिहितो.

पोचतील, पण तुम्हाला मिळणार नाहीत. शिवाजी चौकातलं १२ नंबरचं घर प्रत्येक गावात तुमचं आहे, कारण किल्ली तुमच्याकडे आहे. एक्स्चेंजने दिलेल्या पत्त्याची किल्ली एक्स्चेंजकडे. त्यांचा माणूस रोज फक्त इथेरियमच्या आणि सोलानाच्या दारात जाऊन टपालपेटी बघतो. पॉलिगॉनच्या दारातली पेटी त्याने उघडायचं ठरवलेलंच नाही. पैसे पेटीत पडून राहतील. व्यवहार यशस्वी, हिरवी अक्षरं, आणि तुमच्या खात्यात शून्य.

हे पुस्तकी ज्ञान नाही. २०२१ मध्ये मी बीएनबी चेनवरून ३०० डॉलर असेच एका एक्स्चेंजच्या इथेरियमवाल्या पत्त्यावर पाठवले. एक्स्चेंजचं नाव लिहीत नाही, चूक माझी होती आणि त्यांनी पानावर लाल अक्षरांत बजावलेलंही होतं. दोन महिने ईमेल लिहिले. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येक वेळी 'कृपया व्यवहाराचा क्रमांक द्या'. शेवटी उत्तर आलं की या नेटवर्कवरून रक्कम काढून देण्याची सोय नाही. ते ३०० डॉलर आजही त्या पत्त्यावर आहेत. मी अधूनमधून स्कॅनवर जाऊन बघून येतो. गावच्या पडक्या वाड्याला भेट दिल्यासारखं.

खडीसाखर | बुधवार, दुपारी १२:२०

नव्वद पैसे, तुमच्या जखमेवर फुंकर म्हणून सांगते, याहून फार मोठी माणसं यात आपटली आहेत. जून २०२२. ऑप्टिमिझमवाल्यांनी विंटरम्यूट या बड्या व्यापारी कंपनीला २ कोटी ओपी टोकनं द्यायचं ठरवलं. कंपनीने आपला इथेरियमवरचा पत्ता दिला. तो साध्या किल्लीचा नव्हता, अनेक सह्यांचं वॉलेट होतं, म्हणजे खरं तर इथेरियमवर मांडलेला एक प्रोग्राम. ऑप्टिमिझमवर तो प्रोग्राम कोणी मांडलेलाच नव्हता. चौक होता, पण १२ नंबरचं घरच बांधलेलं नव्हतं. टोकनं तिथे जाऊन पडली. कंपनी घर बांधायच्या तयारीत असताना भलत्याच माणसाने येऊन त्याच जागेवर ते बांधलं आणि माल ताब्यात घेतला. त्याने पुढे १ कोटी ७० लाख टोकनं परत केली हे नशीब.

म्हणून 'भावकीत पत्ता एकच' हा नियम तुमच्या साध्या, बारा शब्दांच्या वॉलेटपुरता. एक्स्चेंजचा पत्ता आणि अनेक सह्यांचं वॉलेट, दोन्हीकडे तो गृहीत धरू नका.

शंकासुर | बुधवार, दुपारी १२:४४

मग ब्रिज करून पॉलिगॉनवरून इथेरियमवर न्यायचे की. माझा मित्र सतत इकडून तिकडे ब्रिज करत असतो.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:०५

२४० डॉलरसाठी नको. पण ब्रिज म्हणजे काय हे माहीत हवं.

शेतकरी सोयाबीन वखारीत ठेवतो आणि पावती घेतो. बँक त्या पावतीवर कर्ज देते, कारण माल वखारीत आहे यावर तिचा विश्वास असतो. ब्रिज बहुतेकदा तेच करतो. इकडच्या नेटवर्कवर तुमचं नाणं कुलपात ठेवतो आणि तिकडच्या नेटवर्कवर पावती छापतो. तुम्ही तिकडे वापरता ती पावती. वखार लुटली तर पावतीचा नुसता कागद उरतो.

वखारी लुटल्याही गेल्या आहेत. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजमधून १,७३,६०० इथर आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी गेले. कुलपाला नऊ किल्ल्या होत्या, त्यातल्या पाच चोरांच्या हाती लागल्या आणि पाच पुरेशा होत्या. सहा दिवस कोणाला पत्ताच नाही! एका ग्राहकाला आपले पैसे काढता येईनात तेव्हा कळलं. त्याच्या आदल्याच महिन्यात वर्महोल ब्रिजमधून १,२०,००० इथरच्या मोलाची पावती मागे मालच नसताना छापली गेली होती.

ताईंच्या कामाचा मुद्दा आता. पॉलिगॉनवर यूएसडीसी दोन आहेत. एक सर्कल कंपनीने तिथेच काढलेलं मूळ, आणि एक जुनं ब्रिजवरून आलेलं पावतीछाप, त्याच्या नावापुढे टिंब आणि ई असतं. एक्स्चेंज बहुधा मूळचंच घेतात. टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता सर्कलच्या अधिकृत साइटवरच्या यादीशी ताडून बघा. माझ्या किंवा इथल्या कोणाच्याही प्रतिसादातून पत्ता उचलू नका.

पेन्सिलटोक | बुधवार, सायंकाळी ६:४०

ताडला, मूळचंच आहे.

आणि कबूल करते, नव्वद पैसे, तुमचा 'थांबा' वाचला तेव्हा माझं बोट 'पाठवा'वर होतं. खरंच.

वांगीभात | बुधवार, सायंकाळी ६:५५

अवांतर: पॉलिगॉन म्हणजे परदेशी काहीतरी आहे असं समजून चाललेत सगळे. २०१७ मध्ये मॅटिक या नावाने आपल्याकडच्याच पोरांनी सुरू केलं ते, जयंती कनानी, संदीप नेलवाल, अनुराग अर्जुन. आणि २०२२ मध्ये गडचिरोलीत एटापल्लीला जातीचे दाखले याच पॉलिगॉनवर नोंदवायचा सरकारी उपक्रम झाला होता, ६५ हजार दाखल्यांचा. म्हणजे मी नुसता टवाळ नाही, वाचतो पण.

सीए_काकू | बुधवार, रात्री ८:३०

सगळे टोलनाक्यावर अडकलेत, कराच्या नाक्याकडे कोणी बघत नाहीये, म्हणून घुसते.

ताई, हे २४० डॉलर तुमच्या कामाचा मोबदला आहे. ज्या दिवशी आले त्या दिवसाची रुपयांतली किंमत तुमच्या व्यवसायाच्या उत्पन्नात धरा. नंतर विकताना त्या किमतीवर जो काही फायदा होईल त्यावर वेगळा ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस, १ एप्रिल २०२२ पासून. यूएसडीसीचा भाव फार हलत नाही, त्यामुळे तो फायदा नगण्य असेल. पण तोटा झाला तर तो कशातूनही वजा होत नाही, हे लक्षात ठेवा. विक्रीवर १ टक्का टीडीएस एक्स्चेंज कापेल, तो तुमच्या नावावर कर खात्याच्या नोंदीत दिसतो का ते बघा.

एका नाण्याचं दुसरं नाणं करणं हाही विक्रीच समजतात. 'गॅससाठी थोडे पोल करून घेतले' हासुद्धा व्यवहार आहे, लिहून ठेवा. प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, तारीख, नेटवर्क आणि रुपयांतली किंमत एका वहीत. शब्दांच्या वहीत नव्हे!

आणि जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक. सेवेची निर्यात म्हणून शून्य दराचा फायदा हवा असेल तर मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने मुभा दिलेल्या ठिकाणी रुपयांत, यावा लागतो. यूएसडीसी यांपैकी काहीच नाही. नेहमीचं काम मिळणार असेल तर प्रकाशकाकडून कापून का होईना, बँकेतूनच घ्या. पहिल्याच दिवशी वांगीभात थट्टेत बोलले ते खरं निघालं.

वांगीभात | बुधवार, रात्री ८:३४

हा प्रतिसाद फ्रेम करून लावतोय.

पेन्सिलटोक | शुक्रवार, दुपारी १:१०

झालं एकदाचं. दुसऱ्या एका एक्स्चेंजवर खातं काढलं, तिथे यूएसडीसीसाठी पॉलिगॉन आहे. काय काय केलं ते लिहून ठेवते, माझ्यासारख्या कोणाला उपयोग होईल.

आधी एक्स्चेंजवर नाणं निवडलं, मग नेटवर्क निवडलं, आणि मग आलेला पत्ता कॉपी केला. पहिली चार, शेवटची चार आणि मधलीही काही अक्षरं ताडली. कमीत कमी किती जमा करता येतात तेही तिथेच बारीक अक्षरांत होतं, त्याखाली पाठवलं तर खात्यात धरत नाहीत. मग पाच डॉलर पाठवले. ॲपने विचारलं, गॅस इतका, मंजूर? केलं. चहा टाकला. उकळी यायच्या आत पॉलिगॉनस्कॅनवर यशस्वी दिसलं, पण एक्स्चेंजवर अजून काहीच नाही. पुन्हा पोटात गोळा! गाळून कपात ओतेपर्यंत तिथेही पाच दिसले. व्यवहार वहीत पक्का झाल्याची ठरावीक पुष्टीकरणं होईपर्यंत एक्स्चेंजवाले थांबतात म्हणे.

मग उरलेले २३५. इथे एक विचित्र गोष्ट घडली. पाच डॉलरनंतर वॉलेटच्या इतिहासात एक अनोळखी नोंद दिसली, शून्य रकमेची, आणि तिच्यातला पत्ता अगदी एक्स्चेंजच्या पत्त्यासारखा, सुरुवात आणि शेवट तोच. मी इतिहासातून कॉपी न करता पुन्हा एक्स्चेंजवरूनच पत्ता घेतला. पण ते काय होतं?

खडीसाखर | शुक्रवार, दुपारी १:४०

शाब्बास! त्याला पत्ता-विषबाधा म्हणतात. तुम्ही कुठे पाठवता हे उघड्या वहीत बघून सारख्या दिसणाऱ्या पत्त्यावरून शून्याचा व्यवहार तुमच्या इतिहासात घुसवतात. पुढच्या वेळी घाईत तोच कॉपी कराल ही आशा. पॉलिगॉनसारख्या स्वस्त नेटवर्कवर असे हजारो व्यवहार टाकायला चोराला फारसा खर्च येत नाही, म्हणून तिथे जास्त. मे २०२४ मध्ये एका माणसाने याच सापळ्यात १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (म्हणजे इथेरियमवरची बिटकॉइनची पावती) पाठवून दिले, सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरचे. बोलणी करून बहुतेक परत मिळाले, पण तुम्ही-आम्ही कोणाशी बोलणी करणार?

आता अनोळखी टोकनंही येतील फुकटात. त्यांना हात लावू नका, त्यांच्या नावात लिहिलेल्या साइटवर तर नकोच.

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली | शनिवार, सकाळी १०:१५

अख्खा धागा वाचला, वाचनखूण साठवली. मलाही एका ग्राहकाकडून यूएसडीटी यायचे आहेत. तो ट्रॉनवरून पाठवतो म्हणतोय. माझ्याकडे शून्य-एक्सवाला पत्ता आहे. देऊ का?

पेन्सिलटोक | शनिवार, सकाळी १०:२२

नको. ट्रॉनचा पत्ता टी ने सुरू होतो, ते आपल्या भावकीत नाही. तुमचं ॲप ट्रॉन दाखवतं का बघा, नाहीतर त्याला विचारा की पॉलिगॉनवर पाठवतोस का. काहीही ठरलं तरी तुमचं एक्स्चेंज तेच नाणं त्याच नेटवर्कवर घेतं का हे आधी बघा. मी ते सगळ्यात शेवटी बघितलं. आणि रकमेबरोबर थोडा गॅसही त्यालाच पाठवायला सांगा, पोल किंवा टीआरएक्स, जे लागेल ते.

वांगीभात | शनिवार, सकाळी १०:२४

सांगलीकर, कन्सल्टिंग फी कुठल्या नेटवर्कवर घेता?

पेन्सिलटोक | शनिवार, सकाळी १०:३१

एनईएफटी. भडंगाचे पत्ते मात्र व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पिनकोडसकट.